बेकवर्थ, जेम्स पिअर्सन

(२६ एप्रिल १७९८ ? – ऑक्टोबर १८६६). अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पश्चिम सीमाप्रदेशातील एक समन्वेषक, फरव्यापारी, दुभाषी व वाटाड्या. गोऱ्या जमीनदारापासून एका कृष्णवर्णीय गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मलेल्या बेकवर्थने आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे मुख्यत्वे मिसूरी नदी ते पॅसिफिक किनारा यांमधील मुलखात काढली. सिएरा नेव्हाडा पर्वतातील त्याच्या नावाने ओळखली जाणारी खिंड, १८५६ साली प्रसिद्ध झालेले त्याचे आत्मचरित्र आणि सँड क्रीक येथील हत्याकांडाविषयी १८६५ मध्ये त्याने दिलेली साक्ष, या तीन गोष्टींमुळे तो इतिहासात उल्लेखनीय ठरला आहे. यांपैकी आत्मचरित्राची दीर्घकाळ थापांचा संग्रह म्हणून हेटाळणी झाली आणि त्यामुळे त्याच्या इतर कार्याकडेही दुर्लक्ष झाले. कागदपत्रांच्या आधारे त्याचे चरित्र नव्याने मांडले गेले, ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

पार्श्वभूमी : संयुक्त संस्थानांनी १८०३ मध्ये फ्रान्सकडून लुइझिअ‍ॅना हा विस्तीर्ण प्रदेश विकत घेतला आणि १८०४–०६ या काळात मेरिवेदर लूइस व विल्यम क्लार्क यांनी मिसूरी नदीच्या मार्गाने पॅसिफिक महासागरापर्यंत जाऊन त्याची पाहणी केली. तथापि पुढील काही दशके या प्रदेशाचा नकाशा बराचसा कोराच राहिला. कोणत्या ओढ्याला उन्हाळ्यात पाणी असते, कोणत्या खिंडीतील बर्फ आधी वितळते, कोणत्या जमातीचे कोणाशी वैर आहे, ही माहिती तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या अमेरिकन इंडियनांनाच होती. ती गोऱ्या व्यापाऱ्यांपर्यंत व सैन्यापर्यंत पोहोचविणाऱ्यांत मिश्र वंशाच्या लोकांचा वाटा मोठा होता. लूइस व क्लार्क यांच्या मोहिमेतील शिकारी व दुभाषी जॉर्ज ड्रूइयार हा फ्रेंच पिता व शॉनी माता यांचा पुत्र होता. त्याच मोहिमेत शोशोनी जमातीच्या साकागाविया हिच्या पाठीवर असलेला तान्हा मुलगा झां बातीस्त शारबॉनो पुढे नावाजलेला वाटाड्या झाला. दोन भाषा आणि दोन्हीकडचे नातेसंबंध हे अशा लोकांचे भांडवल होते. मात्र त्यामुळेच दोन्हीकडचे लोक त्यांच्याकडे संशयाने पाहत. बेकवर्थ हा याच वर्गातील होय. फरक एवढाच, की त्याचा मिश्र वंश इंडियन नव्हे, तर आफ्रिकी होता आणि इंडियनांशी त्याचे नाते जन्माने नव्हे, तर सहवासाने जडले होते.

जन्म व दास्यमुक्ती : बेकवर्थचा जन्म व्हर्जिनिया राज्यातील फ्रेडरिक परगण्यात झाला. आत्मचरित्रात त्याने २६ एप्रिल १७९८ ही जन्मतारीख दिली आहे. संशोधक मात्र १८०० च्या सुमाराचे वर्ष ग्राह्य धरतात. त्याचे वडील जेनिंग्झ बेकविथ हे इंग्लिश उमराव घराण्याशी नाते सांगणारे जमीनदार होते. अपत्याचा दर्जा आईच्या दर्जावरून ठरावा, असा कायदा व्हर्जिनियात १६६२ पासून होता. त्यामुळे पित्याने मुलाला आपले मानले, तरी कायद्याच्या दृष्टीने तो गुलामच ठरला. १८१० च्या सुमारास बेकविथ कुटुंब मिसूरी व मिसिसिपी या नद्यांच्या संगमाजवळ जाऊन स्थायिक झाले. तेथे काही वर्षे शिक्षण झाल्यावर मुलाला सेंट लूइस येथील एका लोहाराकडे उमेदवारीस ठेवण्यात आले. पुढे मालकाशी भांडण होऊन त्याने ती सोडली.

जेनिंग्झ बेकविथ यांनी १८२४, १८२५ व १८२६ अशा लागोपाठ तीन वर्षी न्यायालयात आपल्या या मुलाच्या दास्यमुक्तीचा दस्तऐवज नोंदविला. एकाच गोष्टीच्या या तीन नोंदींवरून गुलामगिरी कायदेशीर असलेल्या राज्यात काळ्या माणसाचे स्वातंत्र्य किती कच्च्या पायावर उभे होते, याची कल्पना येते. आपल्या हालचालींची मोकळीक त्याला प्रत्येक वेळी कागदावर सिद्ध करावी लागे. आत्मचरित्रात या दस्तऐवजाचा, गुलाम म्हणून झालेल्या जन्माचा किंवा आफ्रिकी वंशाचा मात्र उल्लेख नाही. पश्चिमेच्या रानात माणसाची पारख त्याच्या अंगच्या गुणांवरून होत असे, असे अनेकदा म्हटले जाते. ज्याने आपल्या पराक्रमाविषयी कोठेही हात आखडता घेतला नाही, त्याने आपल्या जन्माविषयी बाळगलेले हे मौन पाहता ते विधान अंशतःच खरे मानावे लागते. बेकविथ या आडनावाचे ‘बेकवर्थ’ हे रूप पुढे त्याच्या छापील आत्मचरित्रामुळे रूढ झाले.

फरचा व्यापार : विल्यम अ‍ॅश्ली या व्यापाऱ्याची एक तुकडी १८२४ च्या हिवाळ्याच्या तोंडावर रॉकी पर्वताकडे निघाली. तीत बेकवर्थ घोड्यांची निगा राखणारा म्हणून दाखल झाला. त्या काळी यूरोपात व अमेरिकेतील पूर्वेकडील शहरांत बीव्हर या प्राण्याच्या लवेपासून बनविलेल्या हॅटना मोठी मागणी होती. तोवरच्या कंपन्या नदीकाठी ठाणी बांधून इंडियनांकडून कातडी विकत घेत. अ‍ॅश्लीने ही पद्धत बदलली. आपली माणसे थेट पर्वतांत पाठवून त्यांच्याकरवी सापळे लावावयाचे आणि वर्षातून एकदा ठरलेल्या जागी सर्वांना एकत्र आणून कातडी ताब्यात घ्यावयाची व पुढील वर्षाची रसद द्यावयाची, अशी व्यवस्था त्याने सुरू केली. असा पहिला वार्षिक मेळा १८२५ च्या जुलैमध्ये ग्रीन नदीला मिळणाऱ्या हेन्रीज फोर्क या प्रवाहाच्या परिसरात भरला.

या व्यवस्थेतून पर्वतांतच वर्षानुवर्षे राहणाऱ्या शिकाऱ्यांचा एक वर्ग निर्माण झाला. जिम ब्रिजर, जेडेडाया स्मिथ, टॉमस फिट्सपॅट्रिक हे बेकवर्थचे समकालीन याच वर्गातील होते. कंबरभर थंड पाण्यात उतरून सापळे लावणे, कातडी ताणून वाळविणे, बर्फाने बुजलेली वाट हुडकणे व उपासमारीच्या दिवसांत तग धरणे ही कौशल्ये बेकवर्थने याच काळात आत्मसात केली. गोऱ्या शिकाऱ्यांनी पुढे जे मार्ग शोधल्याचे सांगितले, त्यांतील बहुतेक मुळात इंडियनांच्या पायवाटा होत्या आणि त्या कळण्यासाठी इंडियनांशी जवळीक असणे आवश्यक होते.

क्रो जमातीतील वास्तव्य : सु. १८२८–२९ पासून १८३६ पर्यंत बेकवर्थ क्रो (अ‍ॅब्सरोका) या जमातीत राहिला. या जमातीचा मुलूख यलोस्टोन व बिगहॉर्न या नद्यांच्या खोऱ्यांत, म्हणजे आजच्या माँटॅना व वायोमिंग या राज्यांत होता. आत्मचरित्रातील हकिगतीनुसार केलेब ग्रीनवुड या सहकाऱ्याने गमतीने अशी कंडी पिकविली, की बेकवर्थ हा लहानपणी शायेन जमातीने पळवून नेलेला एका क्रो सरदाराचा मुलगा आहे. पुढे क्रोंनी त्याला पकडले, तेव्हा एका वृद्धेने डोळ्याजवळच्या तिळावरून तो आपला हरवलेला मुलगा असल्याचे ओळखले. क्रोंशी व्यापार वाढावा म्हणून फरकंपनीनेच त्याच्या तेथील वास्तव्याची योजना केली असावी, असे काही इतिहासकारांचे मत आहे. ही दोन्ही स्पष्टीकरणे परस्परविरोधी नाहीत. नात्याच्या धाग्याशिवाय व्यापार टिकत नसे आणि परक्याला दत्तक वा जावई करून नात्यात घेण्याची रीत या प्रदेशातील जमातींत प्रचलित होती.

बेकवर्थ क्रोंची भाषा शिकला, त्याने क्रो स्त्रियांशी विवाह केले आणि ब्लॅकफूट या शत्रुजमातीवरील चढायांत भाग घेतला. आपण क्रोंचे मुख्य सरदार झालो, हा त्याचा दावा अतिशयोक्त मानला जातो. मात्र लढवय्या म्हणून त्याला मान व सल्लामसलतीत स्थान होते, हे सर्वसाधारणपणे मान्य आहे. याच वर्षांत तो क्रोंकडील कातडी अमेरिकन फर कंपनीला मिळवून देत असे व त्याबद्दल कंपनी त्याला वेतन देत असे. एकाच वेळी जमातीचा आप्त आणि कंपनीचा नोकर असण्याची ही दुहेरी भूमिका त्याच्या पुढील आयुष्यातही कायम राहिली. १८३० नंतर बीव्हरची संख्या अतोनात शिकारीमुळे घटत गेली आणि रेशमी हॅटची चाल पडल्याने कातड्यांचे भावही उतरले. पर्वतांतील शेवटचा मेळा १८४० साली भरला. तत्पूर्वीच, १८३६ मध्ये, बेकवर्थ सेंट लूइसला परतला होता आणि कंपनीशी असलेला त्याचा संबंधही संपुष्टात आला होता.

फ्लॉरिडा ते कॅलिफोर्निया : मिसूरीतील स्वयंसेवकांबरोबर बेकवर्थ १८३७ मध्ये दुसऱ्या सेमिनोल युद्धासाठी (१८३५–४२) फ्लॉरिडात गेला. निरोप पोहोचविणे व सामानवाहू जनावरांची देखरेख करणे, अशी बिनलष्करी कामे त्याच्याकडे होती. कर्नल झॅकरी टेलर याच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १८३७ रोजी ओकीचोबी सरोवराकाठी झालेल्या लढाईच्या वेळी तो उपस्थित होता. या युद्धात सेमिनोलांच्या बाजूने लढणाऱ्यांत मळ्यांवरून पळून आलेले गुलाम व त्यांचे वंशज होते. दास्यातून मुक्त झालेला बेकवर्थ मात्र त्यांच्यावर चालून गेलेल्या सैन्याबरोबर होता.

फ्लॉरिडाहून परतल्यावर तो साउथ प्लॅट नदीकाठच्या फोर्ट व्हास्केझ या ठाण्यातून शायेन जमातीशी व्यापार करू लागला. शायेन हे क्रोंचे शत्रू. तरीही त्यांचा विश्वास त्याने संपादन केला. १८४० मध्ये तो बेंट, सेंट व्ह्रेन या मोठ्या व्यापारी संस्थेकडे गेला. या व्यापारात बायसनच्या कातड्यांच्या मोबदल्यात दारू देण्याचा प्रघात होता. बेकवर्थही तो पाळत असे आणि त्यातून मिळणारा नफा व जमातींची होणारी नासाडी या दोहोंची कबुली त्याने आत्मचरित्रात दिली आहे. १८४२ साली त्याने आर्कॅन्सॉ नदीकाठी व्यापारी ठाणे मांडले. आजचे प्वेब्लो हे कोलोरॅडोतील शहर याच वस्तीतून वाढले. तिच्या संस्थापकांत त्याची गणना होते.

मेक्सिकोच्या अंमलाखालील कॅलिफोर्नियात तो १८४४ मध्ये गेला व १८४५ मध्ये तेथील राज्यपाल मिकेलतोरेना याच्याविरुद्धच्या उठावात सामील झाला. संयुक्त संस्थाने व मेक्सिको यांच्यातील युद्ध १८४६ मध्ये सुरू होताच तो मेक्सिकन मळ्यांवरील घोड्यांचा मोठा कळप पळवून पूर्वेकडे निघून आला. युद्धानंतर १८४८ च्या तहान्वये कॅलिफोर्निया संयुक्त संस्थानांकडे आला. तेथे परतल्यावर बेकवर्थ माँटेरेच्या दक्षिणेकडील मार्गावर टपाल नेण्याचे काम करू लागला. १८४८ च्या डिसेंबरमध्ये सान मिगेल येथील जुन्या मिशनच्या इमारतीत राहणाऱ्या रीड कुटुंबाची व त्यांच्या आश्रितांची कत्तल झाली. तिचा सुगावा प्रथम बेकवर्थलाच लागला. याच वर्षी सोन्याचा शोध लागल्याने कॅलिफोर्नियाकडे लोकांचा लोंढा वाहू लागला होता.

बेकवर्थ खिंड : सोन्याच्या आशेने पूर्वेकडून खुष्कीच्या मार्गाने येणाऱ्या तांड्यांपुढे सिएरा नेव्हाडा पर्वत ही शेवटची व सर्वांत कठीण अडचण असे. १८४६–४७ च्या हिवाळ्यात ८७ जणांच्या डॉनर तांड्यातील बहुतेक लोक या पर्वतात बर्फामुळे अडकले व तांड्यातील सुमारे निम्मेच वाचले. ते ज्या खिंडीच्या पायथ्याशी अडकले, तिची उंची २,१५० मी. हून अधिक आहे. १८५० च्या वसंत ऋतूत सोन्याच्या शोधात हिंडत असताना बेकवर्थला तिच्या उत्तरेस पर्वतरांगेतील एक सखल भाग दिसला. ही खिंड केवळ १,५९१ मी. उंचीवर असून सिएरा नेव्हाडाच्या उत्तर भागातील ती सर्वांत कमी उंचीची खिंड होय. तेथील इंडियनांच्या ती अर्थातच परिचयाची होती. बेकवर्थचे श्रेय हे, की बैलगाड्यांना या बाजूने जाता येईल, हे त्याने ओळखले व प्रत्यक्षात आणले.

आजच्या रीनो शहराच्या परिसरातून निघून या खिंडीतून सिएरा खोऱ्यात, तेथून अमेरिकन खोऱ्यात व पुढे मेरिझव्हिल येथे उतरणारा रस्ता त्याने आखला. मेरिझव्हिल हे खाणवाल्यांना माल पुरविणारे गाव होते. तांडे आपल्याकडे वळल्यास व्यापार वाढेल, या अपेक्षेने तेथील नगराध्यक्ष व व्यापारी यांनी रस्त्याच्या खर्चाची हमी दिली. बेकवर्थने या कामी पदरचे सुमारे १,६०० डॉलर खर्च केले आणि १८५१ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस या मार्गाने गाड्यांचा पहिला तांडा मेरिझव्हिलला आणला. तांडा पोहोचला त्याच सुमारास गावाला मोठी आग लागली. गाव सावरण्याच्या धांदलीत बेकवर्थची रक्कम मागे पडली व ती त्याला कधीच मिळाली नाही. या तांड्यात दहा वर्षांची एक मुलगी होती. बेकवर्थने तिला आपल्या घोड्यावर पुढ्यात बसवून कॅलिफोर्नियाच्या हद्दीत आणले. हीच मुलगी पुढे आयना कूलब्रिथ या नावाने कवयित्री म्हणून प्रसिद्धी पावली व १९१५ मध्ये कॅलिफोर्नियाची पहिली राजकवयित्री झाली. बेकवर्थची आठवण तिने वृद्धापकाळीही आदराने सांगितली आहे.

बेकवर्थने १८५२ मध्ये सिएरा खोऱ्यात गुरांचे कुरण, दुकान व उतारूंसाठी मुक्कामाची सोय केली. थकलेल्या तांड्यांना कॅलिफोर्नियात शिरल्यावर लागणारे हे पहिले घर असे. पुढे तेथे वसलेल्या गावाचे नाव कित्येक वर्षे ‘बेकविथ’ असे लिहिले जात होते. १९३२ मध्ये ते ‘बेकवर्थ’ असे करण्यात आले. वेस्टर्न पॅसिफिक रेल्वेचा १९०९ मध्ये पूर्ण झालेला मार्ग याच खिंडीच्या आश्रयाने काढण्यात आला. कमी उंचीचा मार्ग म्हणून बेकवर्थने केलेली तिची निवड किती अचूक होती, हे त्यावरून दिसून येते.

आत्मचरित्र : थॉमस डी. बॉनर हा गृहस्थ १८५४–५५ च्या हिवाळ्यात बेकवर्थच्या कुरणावर मुक्कामाला होता. बेकवर्थने सांगितलेल्या हकिगती त्याने लिहून काढल्या व न्यूयॉर्क येथील हार्पर अँड ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेने १८५६ मध्ये त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. या ग्रंथाचा फ्रेंच अनुवाद १८६० मध्ये निघाला. करारानुसार उत्पन्नातील अर्धा वाटा बेकवर्थला मिळावयाचा होता. तो त्याच्या हाती पडला नाही.

या ग्रंथात दोष पुष्कळ आहेत. तारखा व वर्षे चुकलेली आहेत, लढायांतील मृतांचे आकडे फुगविलेले आहेत आणि इतरांनी केलेले पराक्रमही अनेकदा कथानायकाच्या नावे जमा झाले आहेत. शेकोटीभोवती बसून रंगवून गोष्टी सांगण्याची पर्वतातील शिकाऱ्यांची परंपराच होती. ब्रिजरच्या नावावरही अशा अनेक कहाण्या आहेत. परंतु ब्रिजरच्या अतिशयोक्तीला विनोद मानले गेले, तर बेकवर्थच्या अतिशयोक्तीला खोटेपणा. इतिहासकार फ्रान्सिस पार्कमन याने १८४९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात बेकवर्थची संभावना मिश्र रक्ताचा व सचोटी नसलेला गुंड अशी केली आहे. त्याच ठिकाणी त्याच्या असामान्य धाडसाचा दाखलाही दिला आहे. हे वर्णन आत्मचरित्र प्रसिद्ध होण्यापूर्वीचे आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. बेकवर्थच्या शब्दावरील अविश्वास त्याच्या ग्रंथातील चुकांमधून उत्पन्न झालेला नव्हता. तो त्यांच्या आधीपासून अस्तित्वात होता आणि चुकांनी त्याला फक्त आधार पुरविला.

दास्यमुक्तीचे दस्तऐवज, कंपन्यांची हिशेबाची कागदपत्रे, लष्करी नोंदी व वृत्तपत्रे यांच्याशी पडताळून पाहता त्याच्या जीवनक्रमाची रूपरेषा बरीचशी खरी ठरते. एलिनॉर विल्सन यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेले चरित्र या दृष्टीने महत्त्वाचे आहे. क्रोंचे दैनंदिन जीवन, त्यांच्या युद्धाच्या रीती व फरव्यापाराचे व्यवहार यांविषयी आतून पाहणाऱ्याने दिलेली माहिती म्हणून त्याच्या आत्मचरित्राचे मूल्य आता मान्य झाले आहे.

सँड क्रीक : बेकवर्थने १८५८ मध्ये कॅलिफोर्निया सोडले. सोन्याच्या शोधामुळे नव्याने वसलेल्या डेन्व्हर येथे तो १८५९ मध्ये आला व दुकानाचा कारभार पाहू लागला. डेन्व्हरच्या आसपासचा मुलूख १८५१ च्या तहाने शायेन व अ‍ॅरापाहो या जमातींचा म्हणून मान्य झालेला होता. १८६१ च्या तहाने तो आक्रसून एका लहानशा राखीव प्रदेशापुरता उरला. जमातींतील अनेकांना हा तह मान्य नव्हता. १८६४ च्या उन्हाळ्यात दोन्ही बाजूंनी हल्ले झाले. सप्टेंबरमध्ये शायेन सरदार ब्लॅक केटल याने डेन्व्हरला येऊन शांततेची बोलणी केली आणि फोर्ट लायन या लष्करी ठाण्याच्या आश्रयाने आपल्या लोकांचा तळ सँड क्रीक या ओढ्याकाठी टाकला.

कर्नल जॉन शिव्हिंग्टन याने नोव्हेंबरमध्ये सुमारे ७०० सैनिकांनिशी या तळावर चाल केली. त्याने वाटाड्या म्हणून बेकवर्थला बरोबर घेतले होते. आपण नकार दिला असता, तर आपल्याला फासावर चढविले असते, असे बेकवर्थने पुढे शायेनांना सांगितले. त्याचे वय या वेळी साठीच्या पुढे होते. २८ नोव्हेंबरच्या रात्रीच्या कडक थंडीत तो पुढे जाऊ शकेना, तेव्हा रॉबर्ट बेंट या तरुणाकडून वाट दाखविण्याचे काम करून घेण्यात आले. रॉबर्ट हा व्यापारी विल्यम बेंट व त्याची शायेन पत्नी यांचा मुलगा होता आणि त्याची भावंडे त्या वेळी त्याच तळावर होती.

२९ नोव्हेंबर १८६४ च्या पहाटे तळावर हल्ला झाला. ब्लॅक केटलने आपल्या तंबूवर संयुक्त संस्थानांचा ध्वज उभारला होता. त्याचा उपयोग झाला नाही. सुमारे २३० जण मारले गेले व त्यांत स्त्रिया, मुले व वृद्ध यांचाच भरणा अधिक होता. सायलस सोल व जोसेफ क्रेमर या दोन अधिकाऱ्यांनी आपल्या तुकड्यांना गोळीबाराचा हुकूम दिला नाही. जॅक स्मिथ या गोरा पिता व शायेन माता यांच्या मुलाला हल्ल्यानंतर कैदेत असताना ठार करण्यात आले. वाटाडे, दुभाषी व कैदी अशा तिन्ही भूमिकांत मिश्र कुटुंबांतील माणसेच या प्रसंगात सापडलेली दिसतात.

या घटनेनंतर काही आठवड्यांनी, १८६५ च्या जानेवारीत, बेकवर्थ एकटा शायेनांच्या तळावर गेला. उरलेल्यांना संपविण्यासाठी गोऱ्यांना पुन्हा घेऊन आलास काय, असे त्याला तेथे विचारण्यात आले. त्याने गोऱ्यांची संख्या व सामर्थ्य सांगून तह करण्याचा सल्ला दिला. गोऱ्यांनी मुलूख घेतला, शिकार संपविली व अखेर बायकामुलांना मारले. आता जगण्यासारखे काही उरले नसल्याने लढून मरणेच बरे, असे उत्तर त्याला मिळाले. पंचवीस वर्षांचा संबंध त्या दिवशी तुटला.

मार्च १८६५ मध्ये डेन्व्हर येथे लष्करी चौकशी मंडळापुढे बेकवर्थची साक्ष झाली. गावातील जनमत शिव्हिंग्टनच्या बाजूचे होते आणि त्याच्याविरुद्ध बोलणे धोक्याचे होते. साक्ष दिल्यानंतर काही आठवड्यांतच सोल याचा डेन्व्हरच्या रस्त्यावर गोळी घालून खून झाला. तरीही बेकवर्थने पाहिले ते सांगितले. व्हाइट अँटिलोप हा वृद्ध सरदार हात उंचावून, थांबा, असे इंग्रजीत ओरडत सैनिकांकडे धावत आला व शेवटी हाताची घडी घालून उभा राहिला असता गोळी लागून पडला. मृतांत सुमारे दोनतृतीयांश स्त्रिया व मुले होती. प्रेतांची विटंबना करण्यात आली, असे त्याच्या जबानीत नमूद आहे. आत्मचरित्रातील अघळपघळ वर्णनांच्या तुलनेत ही जबानी मोजक्या शब्दांत असून तिला इतर साक्षीदारांचा दुजोरा मिळतो. मंडळापुढील जबान्या १८६७ मध्ये सेनेटच्या कागदपत्रांत छापण्यात आल्या. शिव्हिंग्टन तत्पूर्वीच सैन्यातून बाहेर पडल्यामुळे त्याच्यावर खटला होऊ शकला नाही. हत्याकांडाची जागा २००७ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून प्रस्थापित झाली.

अखेरचे दिवस : माँटॅनातील सोन्याच्या खाणींकडे जाणाऱ्या बोझमन मार्गाच्या रक्षणासाठी १८६६ मध्ये लष्कराने नवी ठाणी बांधली. हा मार्ग लाकोटा जमातीच्या शिकारीच्या मुलखातून जात असल्याने तिच्याशी युद्ध जुंपले. क्रो जमातीने लष्कराच्या बाजूने राहावे, यासाठी तिच्याशी बोलणी करण्यास ब्रिजर व बेकवर्थ या जुन्या सहकाऱ्यांचा उपयोग करण्यात आला. फोर्ट सी. एफ. स्मिथ या ठाण्यावरून बेकवर्थ क्रोंच्या तळावर गेला. वाटेतच त्याची प्रकृती बिघडली व ऑक्टोबर १८६६ च्या अखेरीस बिगहॉर्न नदीच्या परिसरात, क्रो लोकांमध्येच, त्याचा मृत्यू झाला. आपला शूर माणूस पुन्हा निघून जाऊ नये, म्हणून क्रोंनीच त्याला विष घातले, अशी आख्यायिका नंतर पसरली. तिला आधार नाही.

मूल्यमापन : सीमाप्रदेशातील वाटाड्याचे महत्त्व सामान्यतः त्याने दाखविलेल्या वाटांवरून ठरविले जाते. बेकवर्थच्या बाबतीत त्या वाटांनी कोण गेले, हेही पाहावे लागते. त्याने उघडलेल्या खिंडीतून शेकडो कुटुंबे सुखरूप पार झाली. त्याच प्रवाहात खिंडीच्या दोन्ही बाजूंच्या इंडियनांचा मुलूख त्यांच्या हातून गेला. ज्या शायेनांनी त्याला घरात घेतले, त्यांच्याच तळाकडे निघालेल्या सैन्याला त्याने वाट दाखविली आणि जे घडले त्याची साक्ष देण्याचेही टाळले नाही. जबरदस्तीमुळे त्याची जबाबदारी कमी होते. ती नाहीशी होते, असे म्हणता येत नाही. दोन समाजांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाला आपले ज्ञान कोणासाठी वापरले जाईल, हे ठरविण्याची मुभा फारशी नसते, हे त्याच्या व रॉबर्ट बेंटच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

लोकप्रिय इतिहासातून त्याचा वर्ण दीर्घकाळ पुसला गेला. ‘टॉमहॉक’ या १९५१ च्या चित्रपटात त्याच्यावर बेतलेली भूमिका एका गोऱ्या नटाने केली. १९७० नंतर ही स्थिती बदलू लागली. संयुक्त संस्थानांच्या टपाल खात्याने १९९४ मध्ये पश्चिमेतील ख्यातनाम व्यक्तींच्या तिकीटमालिकेत त्याचा समावेश केला आणि ज्या गावाने त्याचे पैसे थकविले, त्या मेरिझव्हिलने १९९६ मध्ये आपल्या सर्वांत मोठ्या उद्यानाला त्याचे नाव दिले.